डब्यातली दोन मिनिटं

बाबा,

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर तो सिनेमा लागला होता. हो, तोच. तुम्ही गेल्यानंतर नागपुरात टीव्ही आला. आता दर रविवारी घरोघरी एक जुना हिंदी सिनेमा दाखवतात, आणि तिकीट काढावं लागत नसल्यामुळे लोक मध्येच उठून भाजी फोडणीला टाकून येतात. सुरू होण्याआधी निवेदिकेने गोड हसून सांगितलं, की या चित्रपटाला त्या वर्षी संकलनाचं पारितोषिक मिळालं होतं. मी हातातली वाटी खाली ठेवली. सिनेमा अख्खा दाखवला, तुम्ही कापलेल्या तुकड्यासकट. तो पाहून मला काय वाटलं ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं काही ऐकून घेणार नाही, हे मी पुरतं ओळखून आहे. आधी मला भांडायचं आहे. तुम्ही होतात तोवर तुमच्याशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि गेलेल्या माणसाशी काय भांडायचं म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. आता मात्र पुरे झालं.

हिंदी सिनेमाच्या त्या वार्षिक बक्षिसांचं आपल्या घरी जे चालायचं, तसं जगात कुणाच्या घरी चालत नसेल. मुंबईत समारंभ व्हायचा, सूटबूटवाले स्टेजवर जाऊन पितळी बाहुली घ्यायचे, टाळ्या वाजायच्या आणि संपायचं. आपल्याकडे ते तेव्हा सुरू व्हायचं. टॉकीजच्या मॅनेजरकडे एक इंग्रजी मासिक यायचं. त्यांचं वाचून झालं, की समारंभाचा अंक दोन दिवसांसाठी आपल्या घरी. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर उकिडवे बसलेले, बशीतला चहा निवतो आहे, आणि मी आपली उत्साहाने हिरो-हिरॉइनपासून सुरुवात करते. लगेच तुमचा हात वर.

"त्यायचं मले नोको सांगू वं. मागून वाच."

मागून म्हणजे संकलन, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण. ज्यांची नावं शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली असत आणि ज्यांचा फोटो कधीच नसे, ते आपल्या घरातले मुख्य पाहुणे. मग तुम्ही न्यायनिवाडा करायचात. हे बराबर दिलं, हे काहून दिलं, हे कोणाच्या वशिल्यानं दिलं. एका वर्षी वाचकांनी मतं पाठवायचं कूपन आलं. त्यात हिरो, हिरॉइन, दिग्दर्शक, संगीत एवढेच चौकोन होते. तुम्ही मला पट्टी आणायला लावलीत आणि खाली संकलनाचा एक चौकोन आखून घेतलात. मी म्हटलं, असं कूपन ते फेकून देतील. तुम्ही म्हणालात, "फेकू दे. पण फेकाच्या आधी पाहीन ना तो." आणि ते कूपन मॅनेजरच्या अंकातून ब्लेडने कापलेलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. बोलणी आईने खाल्ली, कारण मॅनेजर अंक न्यायला आले तेव्हा तुम्ही ड्यूटीवर होतात.

ब्लेड ही तुमची खोडच होती. तुम्ही उमरेडच्या विणकराच्या घरातले. लहानपणी आजोबांच्या मागावर तुटलेला धागा सांधायला बसायचात, आणि गाठ बोटाला लागली तर आजोबा ती सोडून पुन्हा करायला लावायचे, हे आम्ही शंभरदा ऐकलं. पुढे माग सुटला, तुम्ही नागपूरला आलात, बर्डीवरच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर झालात, पण गाठीचं वेड सुटलं नाही. गावोगाव फिरून जुनी झालेली फिल्म तुटते, मग ऑपरेटर दोन्ही टोकं खरवडून चिकटवतो. असा जोड मशीनमधून गेला की कर्ण्यातून 'टप्' असा आवाज येतो. तो येऊ नये म्हणून फिल्मच्या कडेला जी आवाजाची पट्टी असते, तिच्यावर जोडाच्या जागी काळी शाई लावायची असते. बाकीचे ऑपरेटर काडीने शाई फासून मोकळे होत. तुम्ही माझा शाळेतला टाक पळवायचात आणि भिंगातून बघत एवढासा त्रिकोण काढायचात, तिन्ही कोन धारदार. "जोड हाताले लागला नाई पायजे अन् कानाले आयकू आला नाई पायजे." टाकाचं निब वाकडं झालं म्हणून शाळेत मी दोनदा छडी खाल्ली आहे. हेही आज सांगून ठेवते.

आता त्या सिनेमाचं. मी पंधरा वर्षांची आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे आणि तीनच्या खेळाला तुम्ही मला केबिनमध्ये नेलं आहे. आत भट्टीसारखी उष्णता, मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बन-कांड्यांचा वास, आणि दोन मशीनच्या मधून तुम्ही गंजिफ्रॉकवर फिरता आहात. मी भिंतीतल्या झरोक्याला डोळा लावते. पडद्यावर नवऱ्याला आगगाडीत बसवून आलेली बाई घरात शिरून दार लावून घेते. मग ती रडते. नवऱ्याच्या फोटोपुढे रडते, समईपुढे रडते, त्याच्या कोटाला कवटाळून रडते, आणि व्हायोलिन तिच्याहून मोठ्याने रडतं. चांगली दोन मिनिटं. मलाही हुंदका येतो आहे, तेवढ्यात तुम्ही माझं डोकं धरून खाली वळवता.

"पडदा नोको पाहू. लोकं पाय."

खाली लोक खोकत आहेत. कुणी शेंगा फोडतं आहे, कुणी बिडी प्यायला उठलं आहे, पुढच्या रांगेतून कुणी ओरडतं, "बस कर ना वं बाई!" आणि सगळं थिएटर हसतं. तुमचा चेहरा असा झाला आहे, जणू ते तुम्हालाच हसले. दोन दिवसांनी तुम्ही मला पुन्हा नेलंत. बाईने दार लावलं आणि त्याच क्षणी, एरवी रडणं संपल्यावर यायची ती, लांबवर आगगाडीची शिट्टी झाली. बस्स. फोटो नाही, समई नाही, कोट नाही. थिएटरमध्ये सुई पडली तरी ऐकू आली असती. जोडाच्या जागी 'टप्' झालं नाही. मागे वळून पाहिलं तर तुम्ही नुसते उभे होतात, हात पुसायचं फडकं हातात धरून.

घरी बिस्किटांच्या गोल डब्यात ती दोन मिनिटं आली. आईने विचारलं तर म्हणालात, "पेट्या वापस जातीन तवा जोडून देतो." पाच आठवड्यांनी सिनेमा उतरला, फिल्मच्या पेट्या पुढच्या गावी निघाल्या. आईने आठवण करून दिली. कुहीच्या शेतकऱ्याची लेक ती, परक्याची काडीही घरात राहिली तर तिला झोप लागत नसे. तुम्ही सदरा चढवत म्हणालात, "जोडला का पिच्चर बिघडते," आणि निघून गेलात. बाबा, तुम्ही विसरला असतात तर मी तुम्हाला क्षमा केली असती. तुम्ही विसरला नाहीत. तुम्ही ठरवलंत.

पुढच्या वर्षी बक्षिसांची यादी आली. समारंभ व्हायचा होता, नावं जाहीर झाली होती. मी शहाण्यासारखी मागून वाचायला घेतली आणि पहिल्याच ओळीला त्या सिनेमाचं नाव. संकलन. तुम्ही पाटावरून असे उठलात की बशी कलंडली. "आपल्याले भेटलं!" आपल्याले! संध्याकाळी पाव किलो संत्रा बर्फी घेऊन आलात आणि शेजाऱ्यांना वाटलीत. कशाची म्हणून विचारलं तर नुसते हसलात. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "तुमच्या हातात देल्ली का बाप्पा त्यायनं ती बाहुली?"

आठ दिवसांनी मॅनेजर आपल्या दारात. सोबत वितरकाचा माणूस. बक्षीसपात्र म्हणून सिनेमा पुन्हा लावायचा होता, त्यासाठी सगळ्या कॉप्या मोजून पाहिल्या, तर एका कॉपीत दोन मिनिटांची फिल्म कमी. ती कॉपी कितीतरी गावं फिरली होती, कोण सापडणार होतं? पण त्या माणसाने खिशातून फिल्मचा तुकडा काढून खिडकीच्या उजेडात धरला. त्यावर तुमचा त्रिकोण. तो काही रागावलेला नव्हता, उलट कौतुकानेच बोलत होता. "ये तिकोन देखिए. इतना साफ जोड पूरे इलाके में एक ही आदमी लगाता है." लोक चोरी करताना गबाळेपणामुळे सापडतात, तुम्ही सफाईमुळे सापडलात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, बाबा, अगदी शब्दशः.

मॅनेजर भला माणूस होता. चहाची बशी बाजूला सारून त्यांनी कागद पुढे केला. "भाऊ, एवढंच लिहून द्या का फिल्म मशीनमधी फसली अन् फाटली. बाकी मी पाहून घेतो."

"माह्या मशीनमधी फिल्म फाटत नाई."

"मले मालूम आहे ना भाऊ. फक्त लिहाचं आहे."

"फाटली नाई तर फाटली कशी लिहू? मी कापली. ब्लेडनं कापली. काहून कापली ते लिहून मांगा, लिहून देतो."

वितरकाचा माणूसही म्हणाला, की लिख दीजिए, बात खत्म. स्वयंपाकघराच्या दारातून आई पदर चावत म्हणाली, "अवो, लिहून द्या ना, तुमच्या पाया पडतो." मी तिच्या मागे उभी होते. मला वाटलं, आता लिहितील. चार शब्द, फिल्म मशीनमध्ये अडकून फाटली. जगात रोज शंभर ठिकाणी फाटते. पण उमरेडच्या त्या मागावरून उठून तुमचे वडील जणू तुमच्या बोटांकडे बघत उभे राहिले होते. तुम्ही कागद घडी घालून मॅनेजरच्या हातात परत दिलात आणि मला म्हणालात, "डबा आण वं." बिस्किटांचा डबा! पुरावा स्वतःच्या हाताने पाहुण्यांपुढे ठेवलात. वितरकाच्या माणसाने तो न घेताच परत केला. दुसऱ्या कॉपीवरून त्यांनी तेवढा भाग नवा काढून घेतला होता. म्हणजे ज्या तुकड्यावरून आपलं घर उलटंपालटं झालं, तो कुणाला नकोच होता.

मालकांनी तुम्हाला केबिनमधून काढलं. मॅनेजरनी हातापाया पडून नोकरी वाचवली ती गेटवरची. ज्याच्या मशीनमध्ये वीतभर फिल्म कधी फाटली नाही, तो माणूस तिन्ही खेळांना दाराशी उभा राहून तिकिटं फाडू लागला. केबिनमध्ये नवा ऑपरेटर आला. त्याचा जोड आला की 'टप्' व्हायचं, आणि तुम्ही अंधारात गेटवर दचकायचात. मी ते पाहिलं आहे. मैत्रिणींबरोबर सिनेमाला आले की मी दुसऱ्या दारातून आत जायची. हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, मला कधीच कळलं नाही.

समारंभाला पंधरा दिवस होते, तेव्हा तुम्ही मला पत्र लिहायला बसवलंत. हिंदीत, बक्षीस मिळालेल्या त्या संकलकाला. मुंबईच्या मासिकाच्या पत्त्यावर, त्याच्या नावाने. तुम्ही सांगत होतात, मी लिहीत होते, आणि प्रत्येक वाक्याला माझे कान तापत होते. आपको पुरस्कार मिला, बधाई. आपका काम अच्छा है. मगर दरवाजा बंद होने के बाद दो मिनट ज्यादा हैं. हमने नागपुर में निकालकर देखा, पब्लिक एकदम चुप हो गई. मी टाक खाली ठेवून म्हटलं, "बाबा, बक्षीस मिळालंय त्यांना. त्यांना काय शिकवता?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "शिकवून नाई राहिलो वं. सांगून राहिलो. त्यानं पिच्चर केली, मी रोज तीन खेळ पायली. लोकं त्याले कुठं दिसते?" मग डब्यातल्या गुंडाळीतून दार लागतं तिथली हातभर फिल्म कापून तुम्ही पत्राबरोबर पाकिटात घातलीत, तिकिटं स्वतः चिकटवलीत आणि मला बजावलंत, आजच टाक, समारंभाच्या आत भेटलं पायजे. "त्यानं एवढंच कबूल कराव का नागपूरच्या ऑपरेटरनं बराबर कापलं. मंग मालक मले केबिनमधी कसा घेत नाई, पायतोच."

म्हणजे तुमचा सगळा हिशोब त्या पाकिटावर होता. चार खोटे शब्द लिहून मिळणारी केबिन नको होती. मुंबईच्या एका अनोळखी माणसाने खरं बोलून ती परत मिळवून द्यावी, अशी तुमची अपेक्षा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमचा सुंभच पिळाचा होता.

ते पत्र मी टाकलं नाही, बाबा.

गल्लीच्या टोकाला टपालाच्या लाल डब्यापर्यंत गेले आणि परत आले. पाकीट माझ्या ट्रंकेत, भूगोलाच्या वहीत. तुम्हाला म्हटलं, टाकलं. मी मनाशी म्हटलं, हे कबुलीजबाबाचं पत्र मालकांच्या हाती पडलं तर गेटवरची नोकरीही जाईल. आईचं काय होईल, घरभाड्याचं काय होईल. मोठी झाल्यावरही मी हेच म्हणत आले.

समारंभाचा अंक आला. मॅनेजरनी तो आठवणीने पाठवला होता. मी मागून वाचलं. नाव होतं, फोटो नव्हता. तुम्ही विचारलंत, "काई बोलला का तो स्टेजवर?" मी म्हटलं, छापलेलं नाही. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "छापलं नसन. बोलला असन." त्यानंतर सहा वर्षं, दर वर्षी, समारंभाचा अंक आला की हिरो-हिरॉइनच्या आधी, संकलनाच्याही आधी, तुमचा पहिला प्रश्न तोच. आपल्या पत्राचं काई आलं का वं? आणि माझं उत्तर तेच. सातव्या वर्षी अंक यायच्या आधी तुम्ही गेलात. अंक आला, मॅनेजर स्वतः घेऊन आले, आणि आई त्यांना म्हणाली, "आता कोण आयकते?"

इतकं चिडायला मला काय झालंय, असं तुम्ही विचाराल. मला राग येतो तो याचा, की तुम्ही एकदाही मला उभं-आडवं घेतलं नाहीत. पत्र खरंच टाकलंस का, कुठल्या डब्यात टाकलंस, पावती का नाही घेतली, काहीच नाही. फिल्मवर केसाएवढा ओरखडा असला तरी ज्याला दिसायचा, त्या माणसाला सोळा वर्षांच्या मुलीच्या तोंडावरचं खोटं दिसू नये? की दिसलं होतं, आणि तुम्ही तेही गुपचूप कापून टाकलंत? असलंच असेल तर तुमच्यासारखा त्रासदायक माणूस मी पाहिला नाही.

तर रविवार. बाईने दार लावलं. मी श्वास धरून बसले होते, शिट्टीसाठी. शिट्टी झाली नाही. फोटो आला, व्हायोलिन आलं. आमचे हे पाणी प्यायला उठले. मुलगी म्हणाली, "आई, ही किती वेळ रडणार आहे?" समई आली, कोट आला. आणि मी, बाबा, मी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं, "काप ना!" मुलगी बघतच राहिली. तुमचंच बरोबर होतं. दारानंतर शिट्टीच हवी. बक्षीस देणाऱ्यांनी मुंबईतली कॉपी पाहिली, त्यांना काय माहीत.

काल ट्रंकेतून पाकीट काढलं. तिकिटं तुम्ही चिकटवलेली, तशीच घट्ट, एक कोपराही सुटलेला नाही. ज्याच्या नावाने होतं तो माणूसही आता नाही, पेपरात कधीतरी दोन ओळी आल्या होत्या. बिस्किटांचा डबा आईने मला दिला होता, त्यातली फिल्म आता आंबूस वास मारते. तुमचं पत्र मी त्यात ठेवते आहे, आणि हे माझंही.

नोकरीच्या भीतीने मी ते टाकलं नाही, हे मी आईला तिच्या शेवटच्या आजारात सांगितलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बरं केलं वं माय." ते खरं नव्हतं. लाल डब्याशी उभी राहून मी पाकीट उजेडात धरलं होतं. आतली फिल्म सावलीसारखी दिसली, आणि मुंबईतले ते सूटवाले माझं अक्षर वाचून हसताना दिसले, की गेटवर तिकिटं फाडणारा हा कोण. मालकांची, नोकरीची, घरभाड्याची मला तेव्हा आठवणही झाली नव्हती. मला तुमची लाज वाटली होती, बाबा.